धारेचा राजा भोज: जे हरले आणि जे उरले



व्याख्यानाचा विषय ठरवताना मला फार लांब जावे लागले नाही. आपल्या नेहरू नगरापासून भदभदा ते किती अंतरावर! पावसाळ्यात मोठा तलाव भरला की भदभद्याचे दरवाजे उघडतात आणि आपण मुलाबाळांना घेऊन पाणी पाहायला जातो. ते पाणी कलियासोत नदीत उतरते आणि कलियासोत पुढे भोजपूरच्या बाजूला बेतवेला मिळते. तलावाला २०११ साली ‘भोजताल’ हे नाव मिळाले, त्याच वर्षी राजाचा पुतळाही उभा राहिला. नाव रोज डोळ्यांसमोर आहे. पण त्या नावाचा माणूस कोण होता, त्याने काय केले आणि आपल्या मराठी मुलखाशी त्याचा काय संबंध आला, हे सांगायला बसलो तर बहुतेकांची गाडी एका म्हणीपाशी येऊन थांबते.

‘कुठे राजा भोज आणि कुठे गंगू तेली!’ घरात कुणी मोठी फुशारकी मारली की वडीलधारी मंडळी ही म्हण ऐकवतात. हिंदीतही ती तशीच आहे. तिची एक फोड बऱ्याचदा सांगितली जाते. गंगू म्हणजे चेदीचा कलचुरी राजा गांगेयदेव, तेली म्हणजे दक्षिणेचा चालुक्य राजा तैलप, आणि या दोघांना भोजाने हरवले म्हणून ही म्हण पडली. फोड ऐकायला छान आहे, पण वर्षे जुळत नाहीत. तैलप ९९७च्या सुमारास वारला. भोजाच्या राज्याचा सर्वांत जुना पुरावा मोडासाच्या ताम्रपटाचा, तो १०१०-११चा. गांगेयदेव मात्र भोजाचा समकालीन खरा. विदिशेकडच्या उदयपूरच्या प्रशस्तीत भोजाने चेदीच्या राजाला हरवल्याचे म्हटले आहे. परंतु १०२८च्या एका चालुक्य शिलालेखात हाच गांगेय भोजाच्या जोडीने चालुक्यांवर चालून आलेला दिसतो. पन्हाळ्यावर तर वेगळीच कथा आहे. गडाची भिंत टिकेना म्हणून गंगू तेलिणीचा बळी दिला, असे तिथे सांगतात. तो भोज शिलाहारांचा, बाराव्या शतकाच्या अखेरचा, धारेचा नव्हे.

म्हणीवर इतका वेळ घालवला, कारण भोजाचे हेच झाले आहे. दंतकथांनी त्याला इतके मोठे केले की खरा माणूस दिसेनासा झाला. सोळाव्या शतकातल्या बल्लाळाच्या ‘भोजप्रबंधा’त कालिदास, बाण, भवभूती आणि माघ हे सगळे भोजाच्या दरबारात एकत्र बसलेले आहेत. प्रत्यक्षात ते भोजाच्या शेकडो वर्षे आधीचे. त्याच परंपरेत काका मुंज लहानग्या भोजाला मारायला माणूस पाठवतो आणि मग पस्तावतो. मेरुतुंगाने चौदाव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या ‘प्रबंधचिंतामणी’त तर भविष्यच आहे की भोज ५५ वर्षे, ७ महिने आणि ३ दिवस गौडासह दक्षिणापथाचे राज्य भोगील. ताम्रपटांवरून त्याचे राज्य १०१०च्या आसपास सुरू होऊन १०५५पर्यंत चाललेले दिसते. आणि दक्षिणापथ? तो त्याच्या हाती कधीच नीट आला नाही.

मला आज जे सांगायचे आहे ते थोडक्यात असे. आपण ज्याला अजिंक्य समजतो तो भोज रणांगणावर अखेरीस हरलेला राजा होता. तरी त्याच्या शत्रूच्या दरबारातला कवीसुद्धा त्याच्या नावाने हळहळला. हे कशामुळे झाले, ते आपण पाहू.

सुरुवात गोदावरीपासून करावी लागेल. भोजाचा काका वाक्पतिराज मुंज हा पराक्रमी आणि स्वतः कवी. त्याचे आणि तैलपाचे हाडवैर. परंपरा सांगते की रुद्रादित्य नावाच्या मंत्र्याने, गोदावरी ओलांडू नका, असे बजावले होते. मुंजाने ऐकले नाही. तो पकडला गेला आणि ९९५च्या सुमारास तैलपाच्या कैदेत मारला गेला. कैदेतल्या कहाण्या रंगवलेल्या असतील, पण पराभव खरा आहे. त्याचा एक पुरावा आपल्या संगमनेरचा. इ.स. १०००चा तिथला ताम्रपट सेऊणदेशाच्या दुसऱ्या भिल्लमाचा आहे आणि मुंजाविरुद्धच्या लढाईत आपण पराक्रम केल्याचे त्यात अभिमानाने सांगितले आहे. हा भिल्लम म्हणजे पुढे ज्ञानेश्वरांच्या काळी देवगिरीवर राज्य करणाऱ्या यादवांचा पूर्वज. म्हणजे मुंजाच्या पराभवात नाशिक-नगरकडच्या माणसांचा हात होता.

मुंजानंतर त्याचा भाऊ सिंधुराज गादीवर आला आणि त्याच्यानंतर सिंधुराजाचा मुलगा भोज. काकाच्या मरणाचे ओझे घेऊनच तो राज्यावर बसला असणार. त्याने दक्षिणेकडे हात घातला तो कोकणात. बांसवाडा आणि इंदूरजवळचे बेटमा इथे मिळालेले त्याचे दोन ताम्रपट १०२० सालचे आहेत. दोन्ही दानपत्रे कोकणविजयाच्या पर्वावर दिलेली आहेत. विजयाचा दिवस सणासारखा पाळून जमीन दान करायची, एवढा त्या विजयाचा आनंद! नाशिक जिल्ह्यातल्या कळवणला सापडलेल्या ताम्रपटात भोजाचा यशोवर्मा नावाचा अधिकारी त्या भागावर दिसतो. त्यामुळे भोजाची सत्ता काही काळ सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत पोहोचली होती, याबद्दल शंका नाही.

पण हा आनंद किती टिकला? १०२४च्या मिरज ताम्रपटात चालुक्य राजा जयसिंह सांगतो की आपण सप्तकोकणच्या अधिपतींचे सर्वस्व घेतले आणि आता उत्तर जिंकण्यासाठी कोल्हापूरजवळ छावणी टाकून बसलो आहोत. १०२६च्या भांडुप ताम्रपटात उत्तर कोकणावर पुन्हा शिलाहार राजा छित्तराज नांदताना दिसतो. ज्या विजयाचे पर्व केले, तो सहा वर्षांत हातचा गेला होता.

पुढचे दिवस आणखी कठीण आले. १०४२च्या सुमारास कल्याणीच्या गादीवर पहिला सोमेश्वर बसला. त्याच्या सैन्याने माळव्यात घुसून धारा नगरी लुटली, जाळली. चालुक्यांचे सेनापती आपल्या शिलालेखांत हे मोठ्या तोऱ्याने सांगतात. भोजाला राजधानी सोडून पळावे लागले. तो परत आला, पण आता पूर्वेकडून गांगेयाचा मुलगा कर्ण आणि पश्चिमेकडून गुजरातचा भीम एकत्र झाले. त्यांच्या स्वारीच्या धामधुमीतच १०५५च्या सुमारास भोज आजारी पडून वारला आणि धारा शत्रूंच्या हाती गेली. भोजाचा वारस जयसिंह याला गादी परत मिळाली ती कुणामुळे? ज्या सोमेश्वराने धारा जाळली होती, त्यानेच आपला मुलगा विक्रमादित्य याला मदतीला पाठवले. कर्ण आणि भीम फार बलवान होऊ नयेत, हा त्यामागचा हिशेब. कालचा वैरी आजचा आधार झाला. राजकारण तेव्हाही असेच होते.

केवळ लढायांचा जमाखर्च मांडला तर भोजाच्या खाती शिल्लक काही राहत नाही. आता दुसरी बाजू पाहू.

सोमेश्वराचा हा मुलगा विक्रमादित्य पुढे कल्याणीचा मोठा राजा झाला. त्याच्या दरबारात बिल्हण नावाचा काश्मिरी कवी होता. त्याने धन्याचे चरित्र लिहिले, ‘विक्रमांकदेवचरित’. त्यात सोमेश्वराने धारा घेतल्याचे वर्णन आहे, ते असणारच. पण ग्रंथाच्या शेवटी कवी स्वतःच्या भटकंतीबद्दल बोलतो तेव्हा सूर बदलतो. धारेच्या वेशीवरच्या बुरुजांत घुमणाऱ्या पारव्यांच्या आवाजात जणू ती नगरी त्याला म्हणते की भोजाची बरोबरी कुठल्या राजाशी होणार नाही, तू त्याच्या समोर आला नाहीस, हे तुझे दुर्दैव. लक्षात घ्या, हे लिहिणारा भोजाच्या शत्रूच्या मुलाचे मीठ खाणारा आहे. त्याला भोजाची स्तुती करून काही मिळणार नव्हते.

भोजाजवळ असे काय होते? पहिली गोष्ट, ग्रंथ. त्याच्या नावावर परंपरेने ८४ ग्रंथ सांगितले जातात. सगळे त्याने एकट्याने लिहिले असतील असे कुणी म्हणत नाही. दरबारच्या पंडितांचा हात त्यात असणार. पण जे ग्रंथ आज हातात आहेत, त्यांचा आवाका थक्क करणारा आहे. ‘समरांगणसूत्रधार’ हा ८३ अध्यायांचा ग्रंथ नगररचना, घरे, देवळे, मूर्ती आणि यंत्रे यांवर आहे. ‘शृंगारप्रकाश’ ३६ प्रकाशांचा. सर्व रसांच्या मुळाशी एकच रस आहे, असे तो मांडतो. पतंजलीच्या योगसूत्रांवरची ‘राजमार्तंड’ ही त्याची वृत्ती आजही योगाचे अभ्यासक वाचतात. तिच्या आरंभी तो म्हणतो की व्याकरण, योग आणि वैद्यक यांवर लिहून आपण वाणी, मन आणि शरीर या तिघांचे दोष दूर केले. ‘राजमृगांक’ हा गणिताचा करणग्रंथ शके ९६४चा, म्हणजे १०४२चा. आपल्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६च्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’त त्याची दखल घेतली आहे. सालाकडे जरा पाहा. कल्याणीला सोमेश्वर गादीवर येत होता, त्याच सुमारास धारेत ग्रहगणिताचा ग्रंथ तयार होत होता.

आणि इथे मराठी माणसाने कान टवकारावेत अशी एक गोष्ट आहे. ‘सरस्वतीकंठाभरण’ आणि ‘शृंगारप्रकाश’ या दोन्ही ग्रंथांत उदाहरणे म्हणून प्राकृत गाथांचा मोठा साठा आहे आणि त्यांत सातवाहन राजा हालाच्या ‘गाथासप्तशती’तल्या पुष्कळ गाथा आहेत. गोदाकाठची शेते, गावच्या बायाबापड्या, त्यांचे रुसवेफुगवे ज्या महाराष्ट्री प्राकृतात उतरले, ती मराठीची पूर्वज भाषा. काका मुंज ज्या गोदावरीपलीकडे जाऊन संपला, त्याच गोदावरीच्या काठची कविता पुतण्याने प्रेमाने आपल्या ग्रंथात गोळा केली. तलवारीने जो मुलूख मिळाला नाही, त्याची भाषा त्याने आपलीशी केली.

विद्वान राजा म्हणजे आपोआप भला राजा, असे मात्र समजू नये. भोजाच्या चारशे वर्षे आधी स्पेनमध्ये व्हिसिगॉथ लोकांचे राज्य होते. त्यांचा सिसेबुत नावाचा राजा ६१२ ते ६२१ या काळात होऊन गेला. तोही मोठा व्यासंगी. सेव्हिलचा बिशप इसिदोर याने त्याच्यासाठी निसर्गावर ग्रंथ लिहिला आणि सिसेबुताने उत्तरादाखल ग्रहणांवर लॅटिन पद्य रचून पाठवले. त्याच राजाने ज्यू लोकांना बाप्तिस्मा घ्यायला भाग पाडले. लेखणी चालवणारा हात प्रजेवर कसा चालला, हे वेगळे पाहावे लागते. म्हणून भोजाची परीक्षा केवळ ग्रंथांवर थांबवून चालणार नाही. त्याने लोकांसाठी काय केले?

याचे उत्तर आहे पाणी. कल्हणाची ‘राजतरंगिणी’ काश्मीरची, बाराव्या शतकातली. तिला माळव्याच्या राजाची खुशामत करण्याचे कारण नाही. ती सांगते की भोजाने काश्मीरमध्ये कपटेश्वराच्या तीर्थावर स्वतःचे सोने पाठवून कुंड बांधवले आणि त्या तीर्थाचे पाणी काचेच्या कलशांतून त्याच्याकडे येत असे. स्वतःच्या राज्याबाहेर, इतक्या दूर, बांधकाम करवणारा हा राजा घरच्या नद्यांकडे दुर्लक्ष कसे करील?

भोजपूर आपल्यापासून २८-३० किलोमीटरवर आहे. तिथल्या अपुऱ्या शिवमंदिरात आपण सगळे जाऊन आलो आहोत. साडेसात फुटांचे लिंग, त्याखाली २१ फुटांहून अधिक लांबरुंद जोते, सुमारे ४० फुटी चार खांब हे सगळे पाहून मान वर करून आपण परततो. पुन्हा गेलात तर देवळाभोवतीच्या खडकांवर खाली पाहा. मंदिरांचे आराखडे, खांब, शिखरे यांच्या रेघा दगडावर कोरलेल्या आहेत. पाठीमागे मोठे दगड वर चढवण्यासाठी केलेला मातीचा उतार अजून आहे. दगडांवर पाथरवटांच्या खुणा हजाराहून अधिक आहेत. ज्याने ‘समरांगणसूत्रधार’ लिहवला, त्याच्या काळातले काम मधेच थांबले आणि त्यामुळेच ते काम कसे चाले, हे आपल्याला दिसते.

मंदिराहून मोठी गोष्ट म्हणजे तिथला तलाव, आणि तो आता नाही. डोंगरांमधल्या दोन खिंडी मातीच्या भरावाने आणि दोन्ही अंगांनी चुन्याशिवाय रचलेल्या मोठाल्या चिऱ्यांनी बांधून काढल्या होत्या. इंपीरियल गॅझेटियरने या पाण्याचा विस्तार अडीचशे चौरस मैल, म्हणजे सुमारे ६५० चौरस किलोमीटर दिला आहे. आपला मोठा तलाव साधारण ३१ चौरस किलोमीटरचा. तो वीसहून अधिक वेळा त्यात मावला असता. मंडीदीप या नावातले ‘दीप’ म्हणजे त्या पाण्यातले द्वीप, असे जुने लोक सांगतात. पंधराव्या शतकात माळव्याचा सुलतान होशंगशाह याने धाकटा बांध फोडला. गोंडांमध्ये आठवण अशी की बांध फोडायला माणसांच्या फौजेला तीन महिने लागले, पाणी वाहून जायला तीन वर्षे आणि तळाची जमीन राहण्याजोगी व्हायला तीस वर्षे. सुलतानाला सुपीक जमीन मिळाली, त्या जमिनीवर आजही पिके डोलतात. पण पाणी गेले.

या तलावाच्या दंतकथेत एक नाव आहे आणि ते मला म्हणीपेक्षा मोलाचे वाटते. राजाला दुर्धर रोग झाला. ३६५ झऱ्यांचे पाणी एका ठिकाणी आणून त्यात स्नान कर, असे एका साधूने सांगितले. राजाच्या माणसांनी खोरे पालथे घातले, पण काही झरे कमीच पडले. तेव्हा कालिया नावाच्या गोंड प्रमुखाने एक दडलेली नदी दाखवून दिली आणि हिशेब पुरा झाला. त्या नदीचे नाव कलियासोत. कथा म्हणून ती घ्यावी, इतिहास म्हणून नव्हे. पण ज्या लोकांनी ती जपली, त्यांना एवढे ठाऊक होते की पाणी कुठे आहे हे राजाला माहीत नव्हते, ते इथे राहणाऱ्या माणसाला माहीत होते. म्हणीने राजाशेजारी तेल्याला खुजे केले. कथेने राजाचे काम कालियावाचून अडवून ठेवले आणि नदीला कालियाचे नाव दिले. घरातल्या मुलांना म्हण सांगताना ही कथाही सांगावी.

आता थोडे आपल्याबद्दल. आपण इथे पिढ्यान्‌पिढ्या राहतो, तरी ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न अधूनमधून ऐकतोच. भोजाचा काळ पाहिला की नर्मदेच्या दोन्ही बाजूंची ही ये-जा किती जुनी आहे, ते कळते. भोजानंतर माळवा सावरला तो उदयादित्याने. त्याचा मुलगा जगद्देव दक्षिणेत जाऊन त्याच विक्रमादित्याच्या पदरी राहिला. यवतमाळ जिल्ह्यातल्या डोंगरगावला त्याच्या काळचा शके १०३४चा शिलालेख आहे आणि त्यात, तीन शत्रूंच्या हल्ल्यात बुडालेला माळवा उदयादित्याने वर काढला, अशी आठवण कोरलेली आहे. माळव्याचे दुःख विदर्भातल्या दगडावर! मग अठराव्या शतकात मराठ्यांचे पवार घराणे धारला आले. ते स्वतःला परमारांचेच वंशज मानत आले. धार संस्थानच्या शिक्षण खात्याचे काशिनाथ कृष्ण लेले यांना १९०३ साली धारेत कोरीव शिळा मिळाल्या. तिथल्या शिळांवर ‘पारिजातमंजरी’ नाटक आहे आणि पृथ्वीचा भार वाहणाऱ्या कूर्माचे प्राकृतातले स्तवनही आहे. ‘समरांगणसूत्रधार’ छापून आला तो १९२४-२५मध्ये बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सीरीजमधून. संपादक दक्षिणेतले पंडित टी. गणपतिशास्त्री. ज्या मुलखातल्या राजांशी भोज लढला, त्या मुलखातून आलेल्या लोकांनी नऊशे वर्षांनी त्याचे शब्द शोधले, छापले आणि सांभाळले.

परमारांच्या दानपत्रांत पुन्हा पुन्हा एक विचार येतो. पृथ्वीचे राज्य वाऱ्यावरच्या ढगासारखे, आयुष्य गवताच्या टोकावरच्या दवबिंदूसारखे. परलोकाच्या वाटेवर सोबतीला येतो तो फक्त धर्म. हा ताम्रपटांचा ठरलेला मजकूर होता, कारकून तो उतरून काढत असतील. पण कोकणविजयाचे पर्व साजरे करणाऱ्या राजाच्या ताम्रपटावरही तोच मजकूर होता आणि सहा वर्षांत तो खरा ठरला. भोजाचे कोकण गेले, धारा गेली, तलावही गेला. उरले ते ग्रंथ, कारण त्यांची नक्कल कुणीही करू शकत होते. आणि उरली पाणी साठवण्याची या गावाची सवय.

ती सवय मात्र ग्रंथासारखी कपाटात ठेवता येत नाही. एक बांध फोडायला तीन महिने पुरले, हे आपण ऐकले. आज तलाव कुणी सुलतान फोडणार नाही. काठावरची भर, सांडपाणी आणि आपले दुर्लक्ष हे काम हळूहळू करू शकते. भोजतालाला राजाचे नाव देऊन आपण त्याचा सन्मान केला, हे चांगलेच झाले. ते पाणी पुढच्या पिढीपर्यंत पोहोचले, तर त्या नावाला अर्थ राहील.